लाल नसलेला बुलबुल

रुक्मिणी गेली तेव्हा हरीभाऊ रडले नाहीत. अग्नी दिला तेव्हा नाही, दिवस घातले तेव्हा नाही, आणि तेराव्यानंतर पाहुणे पांगून घर रिकामं झालं तेव्हाही नाही. लोक म्हणाले, माणूस घट्ट आहे. काही दिवस हरीभाऊंनाही तसंच वाटलं. मग हळूहळू ध्यानात आलं की हे घट्टपण नव्हे. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं काहीसं आत झालं होतं. पाय निदान थोड्या वेळाने मुंग्या येऊन ठणकायला लागतो. इथे ठणकण्याचं नाव नव्हतं.

हरिश्चंद्र राऊत वीज मंडळातून निवृत्त झालेले. विरारजवळ नंदाखालहून आगाशीकडे जाताना रस्त्याला लागून त्यांची वाडी. नारळ, केळी, थोडी पानवेल, आणि मधोमध कौलं उतरवून वर स्लॅब टाकलेलं घर. शेजारची वाडी फर्डिनंड आणि सँड्राची. दोन्ही घरांत मिळून एकच विहीर, बांधावर. रुक्मिणी आपल्या घरच्या बोलीत बोलायची, सँड्रा तिच्या, आणि दोघींचं कधी अडलं नाही. लग्न होऊन दोघी एकाच वर्षी या बांधाच्या दोन बाजूंना आल्या होत्या.

रुक्मिणीला सकाळी फुलं काढताना चक्कर आली आणि विरारला दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. त्यानंतर हरीभाऊंचा दिवस सुरू व्हायचा तसा सुरू होत राहिला. उठायचं, पंप लावायचा, चहा करायचा, केळीचं पाणी फिरवायचं. दुपारचा डबा सँड्राकडून यायचा. एकदा डबा आल्यावर घटकाभराने ती धावत आली, म्हणाली, भाऊ, कालवणात मीठ घालायचंच विसरले, आणि माघारी न्यायला तिने भांडं उचललं तर ते रिकामं. नव्हतं का मीठ, असं हरीभाऊंनी विचारलं. सँड्रा रिकामं भांडं घेऊन निघाली. घरी गेल्यावर फर्डिनंडला म्हणाली की भाऊंची मला भीती वाटते.

मुलगी दिशा नायगावला खाडीकडच्या नव्या टॉवरमध्ये राहायची. ती रोज फोन करायची, आणि जेवलात का, झोपलात का हे विचारून झालं की शेवटी विचारायची, तिकिटं काढून बसता का? हरीभाऊ हो म्हणायचे. ते खरंही होतं. आल्बम काढायचे, पान उघडायचे, भिंग धरायचे, पान मिटायचे.

पोस्टाची तिकिटं हा हरीभाऊंचा आयुष्यभराचा नाद. लहानपणी सगळीच पोरं जमवतात तशी त्यांनीही देशोदेशीची जमवली. पण पुढे नोकरीला लागल्यावर ते सगळं वाटून टाकलं आणि फक्त चुकलेली तिकिटं जमवायला लागले. रंग सरकलेली, चित्र दोनदा उमटलेली, भोकं वाकडी पडलेली, एखाद्या बाजूला भोकंच नसलेली. बिनचूक तिकीट कुणाच्याही पाकिटावर मिळतं, म्हणायचे. तिकीट कसं होतं ते कळायला चुकलेलं बघावं लागतं.

घरी कुणी आलं की ते सगळं समजावून सांगत. आधी चित्रकार तिकिटाच्या कितीतरी पट मोठं चित्र काढतो. त्याचा फोटो घेऊन एकेक रंग वेगळा करतात आणि प्रत्येक रंगासाठी तांब्याचा एक रूळ कोरतात. रुळावर डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक खळगे असतात. रंग गडद हवा तिथे खोल, फिका हवा तिथे उथळ. रूळ शाईत बुडून फिरतो, पोलादी पातं वरची शाई निपटून काढतं, खळग्यातली तेवढी उरते आणि ती कागद शोषून घेतो. असा तो कागद एका रंगाच्या रुळावरून दुसऱ्या रंगाच्या रुळावर जातो. पाठीला डिंक आधीच लावलेला असतो. मग सुयांचा कंगवा येतो, भोकं पाडतो. ताव कापले जातात, तपासणारे एकेक ताव उजेडात धरतात, आणि खराब निघालेले नष्ट करायला पाठवतात.

"एखादा सुटतो," असं रुक्मिणी चहाचे कप ठेवता ठेवता म्हणायची, कारण पुढचं वाक्य तिला पाठ होतं. पाहुणे हसायचे. हरीभाऊही हसायचे.

त्या सुटलेल्यांतला राजा म्हणजे त्यांचा बुलबुल.

तिकीट पन्नास पैशांचं. फांदीवर बसलेला बुलबुल, डोक्यावर काळा तुरा, आणि शेपटीखाली तो लाल डाग, ज्यावरून पोरंसोरंही या पाखराला ओळखतात. हरीभाऊंच्या तिकिटावर तो डाग नव्हता. तिथे कोरा कागद होता. लाल रंगाचा रूळ त्या तावावर उमटायचा राहिला, असा त्याचा अर्थ. दिशा तेव्हा प्राथमिक शाळेत होती. कुणाकडून तरी जुन्या पाकिटांचा गठ्ठा मिळाला होता, हरीभाऊंनी त्यावरची तिकिटं पाण्यात सोडवून ओटीवर वर्तमानपत्रावर वाळत घातली आणि ते कामावर गेले. संध्याकाळी येऊन गोळा करायला बसले आणि एकदम ओरडले. रुक्मिणी आतून पळत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. साप निघाला असं वाटलं तिला, हा किस्सा हरीभाऊ पुढे कैक वर्षं रंगवून सांगत. त्या दिवशी त्यांनी बांधापलीकडेसुद्धा पेढे नेऊन दिले. वसईच्या तिकिटवाल्यांच्या क्लबात ते बुलबुलवाले राऊत म्हणून ओळखले जाऊ लागले.

असल्या तिकिटाला जाणकारांचा दाखला लागतो. तज्ज्ञ तपासून लिहून देतात की चूक छापखान्यातली आहे, बाहेर कुणी केलेली नाही. हरीभाऊंनी ते पाठवायचं अनेकदा ठरवलं. पण दर वेळी रुक्मिणी आडवी यायची. टपालात हरवलं तर? त्या लोकांनी बदलून दुसरंच दिलं तर? असू द्या घरात, आपल्याला ठाऊक आहे ना ते काय आहे. हरीभाऊंना वाटायचं, हिचाही जीव जडलाय त्याच्यावर. मग ते पाठवणं राहून जायचं.

दिवाळी यंदा झालीच नाही. ती टळल्यावर क्लबाचा सेक्रेटरी व्हिन्सेंट वाडीवर येऊन गेला. डिसेंबरात विरारला एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरणार होतं, आणि हरीभाऊंनी आपल्या चुका मांडाव्यात असं त्याचं म्हणणं होतं. बुलबुल मात्र दाखल्याशिवाय मांडता येणार नाही, या वेळी बाहेरचे परीक्षक आहेत, असंही त्याने अवघडत सांगितलं. हरीभाऊ म्हणाले, मग नको मांडायला. पण दिशाच्या कानावर हे गेलं आणि तिने मनावर घेतलं. बाबांना कशात तरी गुंतवायला हवं असं तिच्या मनात होतंच. चौकशी करता करता तिला कळलं की तिच्याच सोसायटीत, पलीकडच्या विंगमध्ये, वसुंधरा दाते म्हणून एक बाई राहतात. शाईच्या कारखान्यात रसायनांच्या कामात जन्म गेलेला, आणि आता देशभरचे संग्राहक त्यांच्याकडून तिकिटं तपासून घेतात.

एका रविवारी दिशा आणि हरीभाऊ त्यांच्याकडे गेले. वसुंधराबाई साठीच्या पुढच्या, शांत, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी आधी चहा दिला, मग खिडकीचा पडदा ओढला आणि तिकीट चिमट्याने उचलून टेबलावरच्या दिव्याखाली धरलं. बराच वेळ पाहिलं. मग एक छोटा जांभळा दिवा लावला आणि त्याखाली पाहिलं. हरीभाऊ खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसले होते. दिशाचंच लक्ष बाईंच्या चेहऱ्याकडे होतं.

बाईंनी हरीभाऊंना जवळ बोलावलं आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. फांदी बघा, म्हणाल्या. फांदी तपकिरी होती. ती तर नेहमीच तपकिरी होती. आणखी जवळून बघा, बाई म्हणाल्या. या तिकिटाला तपकिरी रंगाचा वेगळा रूळ नाही. हिरव्यावर लाल छापून तो तपकिरी केलेला आहे. ठिपक्यांची जाळी दिसते का? हिरवे ठिपके, त्यांच्यावर लाल.

हरीभाऊंना दिसले.

"लाल रूळ उमटलाच नसता तर फांदी हिरवी राहिली असती," वसुंधराबाई म्हणाल्या. "लाल छापला गेला होता, राऊतसाहेब. नंतर गेला."

मग त्यांनी जांभळ्या दिव्याखाली दाखवलं. बुलबुलाच्या शेपटीखाली कागद वेगळाच चमकत होता, आणि ती चमक एका गोलात होती, कडेला थोडी गडद, थेंब सुकतो तेव्हा उरते तशी. क्लोरीनचं काहीतरी, बाई म्हणाल्या. ब्लीचिंग असेल. लबाडी करणारे पूर्ण रंग काढतात, फांदीसकट. हा नुसता एक थेंब आहे. कुणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही.

"बरं," हरीभाऊ म्हणाले.

दिशाचे डोळे भरून आले होते. खाली उतरताना लिफ्टमध्ये ती म्हणाली की माझंच चुकलं, मी उगाच घेऊन आले तुम्हाला. हरीभाऊ म्हणाले, तुझं काय चुकलं, आहे ते आहे. तिच्या घरी जेवून ते संध्याकाळी वाडीवर परतले. येताना रिक्षात त्यांनी स्वतःला चाचपून पाहिलं. तीसेक वर्षं जे तिकीट जिवापाड सांभाळलं ते खोटं निघालं होतं. वाईट वाटायला हवं होतं, निदान लाज तरी. काही म्हणजे काही वाटत नव्हतं. रिक्षावाल्याने सुटे मागितले, त्यांनी दिले. त्या बोथटपणाची त्यांना पहिल्यांदाच थोडी काळजी वाटली, पण तीही लांबून, दुसऱ्याच कुणाची वाटावी तशी.

त्या आठवड्यात सँड्रा डबा घेऊन आली तेव्हा हरीभाऊ ओटीवर बसले होते. ती नेहमीसारखी डबा ठेवून निघाली. काहीतरी बोलायचं म्हणून हरीभाऊंनी सांगितलं की बुलबुल खोटा निघाला. तपासून घेतला. ब्लीचिंगचा थेंब पडलेला होता म्हणे.

सँड्रा पायरीवर थांबली. वळून आली, आणि ओटीच्या कडेला बसली. पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"भाऊ, तो थेंब रुक्मिणीच्या हातून पडला," ती म्हणाली. "मी होते तिथे."

मग तिने सगळं सांगितलं. पाऊस सरला की विहिरीत टाकायला ब्लीचिंग पावडर मिळते. त्या दिवशी दोघींनी बादलीत पावडर कालवली होती, विहिरीत ओतायची होती. आत दूध उतू जायला लागलं म्हणून रुक्मिणी ओल्या हाताने ओटीवरून आत धावली, आणि धावताना हात झटकला. बाहेर आली तेव्हा एका तिकिटावर थेंब होता. पदराने टिपला, तर तिच्या डोळ्यांसमोर लाल रंग उडाला. तिकीट तळहातावर घेऊन ती बांधावर आली, म्हणाली, सँड्रा, आता काय करू? सँड्राने कुंकू लावून बघ म्हटलं. मग आठवलं की एरॉलच्या दप्तरात लाल स्केचपेन आहे. एरॉल म्हणजे सँड्राचा मुलगा, तेव्हा शाळकरी. दोघींनी स्केचपेन काढलं, टोपण उघडलं, पण तेवढ्या बारीक जागी रंगवायचं धाडस दोघींनाही होईना. शेवटी तिकीट होतं तिथे ठेवून दिलं. म्हटलं, इतक्या तिकिटांत कदाचित लक्षात येणार नाही.

"संध्याकाळी तुम्ही ओरडलात ते माझ्या घरी ऐकू आलं," सँड्रा म्हणाली. "मी म्हटलं, मेली आता ही. आणि थोड्या वेळाने तुम्ही पेढे घेऊन आलात."

हरीभाऊंनी विचारलं की मग तिने सांगितलं का नाही.

"घाबरायची ती तुम्हाला," सँड्रा म्हणाली. तिने ते सरळ सांगितलं, कुरकुर म्हणून नाही. "तिकिटांच्या बाबतीत. बाकी तुम्ही चांगलेच होतात. आणि मग तुम्ही इतके खूश झालात, की सांगायचं कुठल्या तोंडाने? दर वर्षी म्हणायची, आता सांगते. पहिल्यांदा भीती होती, मग भीती गेली, आणि मग तुमचा आनंद मोडवेना. तुम्ही तिकीट तपासायला पाठवायचं म्हणालात की ती माझ्याकडे येऊन बसायची."

एवढं सांगून झाल्यावर सँड्राने डोळे पुसले आणि ती गेली. हरीभाऊ तिथेच बसून राहिले. डबा उघडला, जेवले, भांडी धुतली. दुपारी पडले, झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप पाणी ओढेना म्हणून ते विहिरीवर गेले. पाइपच्या तोंडाशी पाला अडकला असावा. कठड्यावर ओणवून त्यांनी आत पाहिलं, आणि खालून ब्लीचिंगचा वास वर आला. आदल्या दिवशी महापालिकेचा माणूस येऊन टाकून गेला होता, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

"सांगायचं होतंस ना," हरीभाऊ म्हणाले.

आवाज मोठा निघाला होता. ते स्वतःच दचकले. मग आणखी मोठ्याने म्हणाले, इतकी वर्षं मला मूर्ख बनवलंस. चारचौघांत मी ते तिकीट मिरवत होतो, आणि तू दारात उभी राहून ऐकत होतीस. वाघ होतो का मी? खाल्लं असतं का तुला? राग आला होता. छातीतून वर चढणारा, कानशिलं तापवणारा, खराखुरा राग, आणि तो ज्याच्यावर काढावा ते माणूसच घरात नव्हतं. त्यांनी कठड्यावर थाप मारली. हाताला लागलं.

आणि हात चोळता चोळता त्यांना आठवलं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. खाटेखाली पडलेलं एक तिकीट रुक्मिणीने केर काढताना झाडून टाकलं होतं. वाडीच्या टोकाला केराचा खड्डा होता. भर दुपारी हरीभाऊंनी तिला त्या खड्ड्यात उतरवून तिकीट शोधायला लावलं होतं. दिशा तेव्हा तिच्या पोटात होती. स्वतः ते काठावर उभे होते. तिकीट सापडलं, कामातून गेलेलं, आणि मग ते कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नव्हते. हे सगळं ते विसरून गेले होते. विसरले होते म्हणण्यापेक्षा, त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही आहे असंच त्यांना कधी वाटलं नव्हतं.

बांधापलीकडे फर्डिनंड केळीची सुकलेली पानं काढत होता. कोयत्याचा आवाज मघाशीच थांबला होता. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला. हरीभाऊ कठड्यावर टेकून उभे राहिले. राग ओसरला, आणि त्याच्या मागोमाग दुसरं काही येईल म्हणून ते वाट पाहत राहिले. काही आलं नाही. पुन्हा तोच बधिरपणा येऊन बसला. त्यांनी पाइप वर ओढला, पाला काढला, पंप लावला.

संध्याकाळी त्यांनी दिशाला फोन करून सगळं सांगितलं. थेंबाचं आणि खड्ड्याचंही. ती फोनवर बराच वेळ रडली. खड्ड्याचं आईने मला कधीच सांगितलं नाही, म्हणाली. हरीभाऊ फोन कानाला लावून तिचं रडणं ऐकत राहिले. तिचं होईपर्यंत त्यांनी ठेवला नाही.

प्रदर्शनात बुलबुल मांडायचा असं त्यांनी ठरवलं. व्हिन्सेंट गोंधळला. म्हणाला, भाऊ, ही छपाईची चूक नाही हे ठरलंय, मग चुकांच्या चौकटीत कशाला? हरीभाऊंनी त्याला वसुंधराबाईंचा लेखी अभिप्राय दाखवला आणि म्हणाले की खरं कोणतं आणि खोटं कोणतं हे शेजारी ठेवल्याशिवाय लोकांना कळत नाही. ते व्हिन्सेंटला पटलं. तिकिटाखाली हरीभाऊंनी आपल्या अक्षरात लिहिलं की लाल रंग घरी ब्लीचिंगच्या थेंबाने गेलेला, फांदीचा तपकिरी रंग पाहावा. आणखी काही लिहावंसं त्यांना वाटलं होतं, पण सुचलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी फर्डिनंडने त्यांना स्कूटरवरून विरारला सोडलं. आल्बम मांडीत धरून हरीभाऊ मागे बसले होते. आगाशी मागे पडल्यावर फर्डिनंड, जो एरवी कामापुरतंच बोलायचा, मान न वळवता म्हणाला की हरीभाऊ, वहिनींशी भांडायचं असलं तर खुशाल भांडत जा, फक्त दुपारी नको, दुपारी मी झोपतो. हरीभाऊ म्हणाले, बरं.

हॉलमध्ये बऱ्यापैकी गर्दी होती. शाळेची मुलं, क्लबातले जुने लोक, काही नुसतेच फिरायला आलेले. हरीभाऊ आपल्या चौकटींपाशी उभे राहून तांब्याचे रूळ, शाई, पातं, सुयांचा कंगवा हे सगळं सांगत होते. तेच शब्द होते, त्याच क्रमाने. आवाज सपाट होता, पण लोक ऐकत होते. दिशा आली होती, मागे उभी होती. बुलबुलापाशी एक बाई थांबली. खालची ओळ तिने वाचली आणि विचारलं की हे कुणी मुद्दाम केलं होतं का.

"नाही, चुकून," हरीभाऊ म्हणाले. "माझ्या बायकोच्या हातून. रुक्मिणी तिचं नाव. मला घाबरून तिने सांगितलं नाही कधी."

बाईने पुन्हा तिकिटाकडे पाहिलं. ती म्हणाली की तिकीट मात्र छान दिसतंय असंही. हरीभाऊंनी मान हलवली. ती गेल्यावर त्यांना जाणवलं की रुक्मिणी गेल्यापासून तिचं नाव त्यांनी अनोळखी माणसासमोर पहिल्यांदाच घेतलं होतं. दिशाने पाण्याची बाटली पुढे केली, ते प्यायले, आणि शेजारच्या चौकटीतली भोकं अशी तिरकी का पडली आहेत हे एका मुलाला समजावायला लागले.

बुलबुलाला बक्षीस वगैरे मिळण्याचा प्रश्नच नव्हता. सरकलेल्या रंगांच्या त्यांच्या पानाला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं, ते दिशा आपल्या घरी लावायला घेऊन गेली.

पुढच्या सोमवारी सँड्रा नेहमीप्रमाणे डबा घेऊन आली. हरीभाऊंनी डबा घेतला आणि तिला थांबायला सांगितलं. आत जाऊन रुक्मिणीची खुर्ची बाहेर आणली, ओटीवर ठेवली. मनात फार काही बदललं होतं असं नाही. सकाळी उठल्यावर अजून तेच कोरेपण असायचं. पण एक गोष्ट त्यांना विचारायची होती, आणि ती विचारण्यासारखं दुसरं माणूस नव्हतं.

"आणखी काय काय सांगितलं नव्हतं तिने मला?" त्यांनी विचारलं.

सँड्राने त्यांच्याकडे नीट पाहिलं. विचारण्यामागे राग आहे की आणखी काही, हे तिला कळलं असेल किंवा नसेल. मग ती खुर्चीवर टेकली आणि बांधापलीकडे हाक मारून तिने फर्डिनंडला सांगितलं की तुझं तू वाढून घे.

"बसा, भाऊ," ती म्हणाली. "वेळ लागेल."